एका बटणावरची चार घरं

दिवा लावण्याआधी ओरडणारी बाई मी तेव्हा तेवढी एकच पाहिली होती. दिवेलागण झाली की ती उंबऱ्यात उभी राहायची. एक हात दारालगतच्या बटणावर, दुसरा तोंडाशी, आणि अंगणापलीकडे हाळी, "लावते रेऽऽ!" समोरच्या तीन घरांतून तीन आवाज उलट यायलाच हवेत. थोरल्याचा घोगरा 'ओ', मधल्याचा कंटाळलेला 'ओ' आणि धाकट्याच्या घरातून बहुतेक सुनेचा. एखादा राहिला तर हात बटणावरच थांबायचा आणि दुसरी हाळी पहिलीपेक्षा मोठी असायची, तिच्यात शिव्याही असायच्या. राहिलेला 'ओ' मिळाला की खट्. चारही घरांत एकदम उजेड.

पाड्यावर सगळे तिला म्होरकीण म्हणत. तिचं खरं नाव मीटरच्या अर्जावर लिहिताना मी एकदा ऐकलं होतं, तेव्हा तीच थोडी दचकली होती. "ह्या नावानं मना कोण बोलवत नाय रे," म्हणाली, "सरकारला बोलवू दे."

तिच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुळात मी फारसा बोलणारा माणूस नाही, आणि तिच्या बाबतीत तर न बोलणं मला सोयीचंही होतं. ते का, ते पुढे येईलच. आधी ती कशी होती ते सांगू दे.

मोखाड्याहून पोशेऱ्याकडे जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला तो पाडा आहे. नव्वदीच्या दशकात तिथं वीज आली. मी जामसरचा, घरी पावसावरची भातशेती. वायरमनचा कोर्स करून मोखाड्यात खोली घेतली होती आणि एका ठेकेदाराच्या हाताखाली घरोघरचं वायरिंग करत होतो. म्होरकिणीच्या अंगणात मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा ती नागली पाखडत होती. मी विचारलं, "मावशी, मीटर कुठं बसवू?"

"मावशी दवाखान्यात असते. लादी पुसते. मी लादी पुसते का?"

"नाही."

"मग आय बोल."

"बरं. आय, मीटर कुठं बसवू?"

"आता कसा लेकासारखा बोललास. तिथं बसव, मना दिसंल असा. कोण किती खातो ते बगायला पायजे."

माझं नाव तिनं विचारलं नाही. त्या दिवसापासून मी 'तारवाल्या' झालो, तो शेवटपर्यंत.

तिचा नवरा लवकर गेला होता. तीन मुलं तिनं एकटीनं वाढवली आणि एकेकाचं लग्न झालं तसं एकेकाला त्याच अंगणाभोवती कुडाचं घर घालून दिलं. चुली वेगळ्या करायला तिची ना नव्हती. "एका चुलीवर चार बाया म्हणजे चार टाळकी," ती म्हणायची. पण प्रत्येक नव्या घरात पहिला विस्तव तिच्या चुलीतून जायचा. खापरात निखारे घालून ती स्वतः अंगण ओलांडायची, सुनेला फुंकायला लावायची आणि चूल पेटल्याशिवाय तिथून हलायची नाही. "चूल येगळी, इस्तू एकच," हे तिचं ठरलेलं वाक्य.

त्या विस्तवावर तिची नजरही असायची. सकाळी उठली की ती आधी अंगणात येऊन तिन्ही छपरांकडे पाहायची. धूर निघतोय का? ज्या घरावर धूर नाही त्या घराच्या दारात जाऊन उभी राहायची. विचारायची काही नाही, नुसती खोकायची. तो खोकला असा होता की आत माणूस आजारी असो की आळशी, उठून बसायचाच. मुलंसुनाही तिच्या छपराकडे तसंच पाहत. एकदा सकाळी चूल पेटवायची सोडून ती रानात काटक्या आणायला गेली, तर परत येईपर्यंत दारात तिन्ही सुना ओळीनं उभ्या राहून खोकत होत्या. ही गोष्ट ती सगळ्यांना सांगायची. सांगताना हसायची, पण त्या हसण्यात अभिमान असायचा.

मी वायरीची पट्टी भिंतीला ठोकायला घेतली तेव्हा ती माझ्या शिडीखाली येऊन उभी राहिली.

"तारवाल्या, सकाळला धूर हाय. सांजच्याला काय?"

"सांजच्याला आता दिवा आहे की."

"तोच इचार करते. चिमणी होती तेव्हा कोण काडी मागायला यायचा, कोण तेल मागायला. आता ह्या तारंनं कोण कोणाच्या दारात येईल? एकाच्या घरात अंधार पडला तर बाकीच्यांना काय कळंल? ते आपल्या उजेडात बसतील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अशी तार लाव, का चौघांनी बटण दाबल्याबिगर कोणाकडंच दिवा लागायला नको. एकाचा मालवला का चौघांचा मालवला."

मला हसू आलं. म्हटलं, "आय, अशी तार असते. तिला सिरीज म्हणतात. पण घराला कोणी लावत नाही."

"का नाय लावत? महाग पडते?"

"उलट वायर कमी लागते."

"मंग?"

तिला शब्दांनी पटणार नाही हे उघड होतं. माझ्याकडे चार होल्डर बसवलेली एक फळी होती. दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेलो. अंगणात खाट टाकून तिच्यावर फळी ठेवली. तिन्ही मुलं, सुना, नातवंडं भोवती बसली. तीन बल्ब चाळीसचे होते, चौथा शंभरचा. तोच हाताशी होता. आधी सिरीज जोडली. एकाच वायरीवर चार बल्ब एकापुढे एक. बटण दाबलं, तर चाळीसच्या बल्बांच्या तारा लालसर झाल्या, बस. विड्या पेटल्यासारख्या. शंभरचा तर पेटलाच नाही म्हणायला हरकत नाही. आत बोट घालून विस्तव शोधावा लागला असता.

मी सांगितलं, "बघ. वीज एकच, वाट एकच. ती पहिल्या घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते. तिचा जोर चौघांत वाटला जातो. पुरा कोणालाच मिळत नाही."

"जाऊ दे की सगल्यांच्या घरातून. पावणी आल्यासारखी."

"आणि हे बघ." मी एक बल्ब सैल केला. चारही विझले. पोरांनी ओरडा केला. म्होरकीण गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "हां! हाच! हाच पायजे मना!"

मग मी जोडणी बदलली. मुख्य दोन वायरींमधून प्रत्येक बल्बाला स्वतःची फांदी दिली. बटण दाबलं आणि पोरांनी डोळ्यांवर हात घेतले. "ह्याला पॅरलल म्हणतात. प्रत्येकाची वाट निराळी, म्हणून प्रत्येकाला पुरा जोर. एक काढला तरी बाकीचे चालू. एकाला नको असेल तेव्हा त्यानं मालवावा, दुसऱ्याला त्रास नाही. सगळ्या जगात घरातले दिवे असेच लावतात."

तिनं मला एक बल्ब काढायला लावला. बाकीचे तीन तसेच झगझगत राहिले. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही पंगतीतून एक माणूस उठून गेला आणि कोणी मान वर केली नाही. मग म्हणाली, "पयला कर परत."

मी पुन्हा सिरीज केली. तिनं त्या न पेटलेल्या शंभरच्या बल्बाकडे बोट दाखवलं.

"ह्यो मोठा कमी का पेटतो?"

"सिरीजमध्ये तसंच होतं. मोठा बल्ब गार राहतो, लहान तापतो."

"अरे देवा," ती थोरल्याकडे वळली. थोरला शांत माणूस होता, कशातच पडायचा नाही. "ऐकलास? थोरला गार, धाकला गरम! ह्या फळीला आमच्या घरातला कोणी सांगितला?" सगळं अंगण हसलं. थोरलाही हसला, जरा उशिरानं.

पण त्या विड्यांच्या उजेडात सुनांना तांदूळ निवडता येणार नव्हते आणि नातवंडांना अभ्यास करता येणार नव्हता. हे तिला दिसत होतं. ती हट्टी होती, आंधळी नव्हती. बराच वेळ तंबाखू-चुना मळून झाल्यावर तिनं तोडगा काढला. "जोर पुरा दे सगल्यांना. पॅरलल तर पॅरलल. पण बटण एकच ठेव. माझ्या दारात."

मी तसं केलं. मीटरनंतर एक बटण, आणि बटणानंतर चार घरांना चार फांद्या. मुलांच्या घरात बटण नाही. दिवे पॅरललचे, पण चावी म्होरकिणीकडे. आणि ती हाळी तेव्हापासून सुरू झाली. यंत्रात जे मिळालं नाही ते तिनं गळ्यातून मिळवलं. तीन 'ओ' आल्याशिवाय ती बटण दाबत नसे, आणि कोणाचा 'ओ' आला नाही की बाकीचे दोघं अंधारात बसून कंटाळायचे आणि उठून बघायला जायचे. तिला हवं होतं ते हेच.

मी मोखाड्यात असलो तरी तिचा माणूस होऊन गेलो होतो. बल्ब गेला की ती जीपच्या ड्रायव्हरकडे निरोप द्यायची, "तारवाल्याला सांग, मधल्याकडचा मेला." पहिल्या वेळी ड्रायव्हरनं हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की मी हातातली पक्कड टाकून धावत सुटलो. पोहोचलो तर मधला काशीनाथ ओट्यावर बसून विडी ओढत होता. म्होरकीण म्हणाली, "बल्ब बोलायला इसरला असंल तो. पण बग, आलास ना धावत? असाच येत जा."

काम झालं की भाकरी खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. नागलीची भाकरी, सुक्या मासळीचं कालवण. मी नको म्हटलं की म्हणायची, "पोटात काय नसेल तर शिडीवरून पडशील. मंग मीटर कोण बगंल?"

माझ्या लग्नाला ती सगळं अंगण घेऊन आली. मांडवाला डेकोरेशनवाल्यानं रंगीत दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. ऐन अक्षतांच्या आधी एक माळ पूर्ण बंद पडली. डेकोरेशनवाला स्टुलावर चढला आणि एकेक चिमुकला बल्ब हलवून पाहू लागला. माझे मामा खालून बॅटरी धरून उभे, दोन चुलते सूचना देतायत, भटजी थांबलेत. म्होरकीण त्या गर्दीत घुसली आणि तिनं डेकोरेशनवाल्याला विचारलं, "ही सिरीज ना?"

"हो मावशी, सिरीज."

मावशी म्हटल्याचाही तिला राग आला नाही, इतकी ती खूश झाली. मुंडावळ्या बांधलेल्या मला तिनं तिथूनच हाक मारली, "तारवाल्या! बग! एक बारकासा मेला तर सारा मांडव शोधायला लागला. तुज्या पॅरललमदी कोण शोधतो रे?"

सगळे हसले. मीही हसलो. उत्तर माझ्याजवळ होतं. मांडवाची माळ निराळी आणि घर निराळं. पण त्या दिवशी नवरदेवाला उत्तरं शोभत नाहीत म्हणून दिलं नाही.

अशी काही वर्षं गेली. काशीनाथ भिवंडीला कामाला जायला लागला आणि एका दिवाळीला येताना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेऊन आला. टीव्ही बटणावर चालेना, म्हणजे आईच्या बटणावर. ती दिवेलागणीला लावणार आणि भाकरी खाऊन झाली की मालवणार. टीव्ही त्याच्याही आधी पाहिजे आणि त्याच्याही नंतर. थोरल्याचा मुलगा दहावीला होता, त्याला पहाटे उजेड हवा होता. धाकट्याचं बाळ रात्री रडायचं. काशीनाथनं मला मोखाड्याच्या बाजारात गाठलं.

"तूच सांग, आमी काय ल्हान पोरं हाव? आमच्या घरचा दिवा आमी लावायचा नाय? तूच तर फळीवर दाखवलास, पॅरलल म्हणजे ज्याचा त्याचा."

मी म्हटलं, "आयला विचारलंस का?"

"तिला आमी सांगू. तू बाजाराच्या दिवशी ये. ती मोखाड्याला जाते."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण ती नसताना करू नये, हे मला कळत होतं, आणि तरी मी ती नसतानाच गेलो. तिच्या बटणाच्या आधी, थेट मीटरपासून फांदी काढली आणि तिन्ही घरांना आपापली बटणं दिली. तिचं बटण तिच्या एका बल्बापुरतं उरलं. हत्यारं गोळा करायला उशीर झाला आणि ती जीपमधून उतरून आली. मुलांनी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

तिनं पिशवी खाली ठेवली. उंबऱ्यात उभी राहिली, हात बटणावर ठेवला आणि नेहमीसारखी हाळी दिली, "लावते रेऽऽ!" कोणीच 'ओ' दिला नाही. काशीनाथकडे टीव्ही लागला होता. तिन्ही घरं आधीच उजळलेली होती. तिनं बटण दाबलं. तिचा एक दिवा लागला.

तिनं त्या तीन घरांकडे एकेक करून पाहिलं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "तारवाल्या, आता हाळी कोणाला देऊ?"

मी म्हटलं, "आय, तुझं बटण तुझ्या घराला आहेच की."

"हां. माज्या घराला."

एवढंच. शिवी नाही, भांडण नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पिशवीतून बाजारची सुकी मासळी काढत ती म्हणाली, "हात धू. भाकर हाय." मी हात धुतले आणि जेवलो.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. भात झोडून झालं होतं. मी पोशेऱ्याचं एक काम उरकून माझ्या जुन्या फटफटीवरून मोखाड्याकडे निघालो होतो. तिचा सायलेन्सर फुटलेला होता. ती येते हे लोकांना आधी ऐकू यायचं. घरी सासरचे पाहुणे यायचे होते. नुकतीच दिवेलागण झाली होती. पाड्याच्या वर रस्त्याला वळण आहे, तिथून म्होरकिणीचं अंगण सरळ दिसतं. मी सवयीनं गाडी थांबवली. तीन घरांत उजेड होता. चौथ्यात अंधार.

मला वाटलं, बल्ब गेला असेल. माझ्या पिशवीत नवा बल्ब होता. उतरून जायला फार वेळ लागला नसता. पण तिच्याकडे गेलं की भाकरी आलीच, आणि त्या बाजाराच्या दिवसापासून तिच्यासमोर बसायला मला जड जात होतं, हेही खरं. उद्या बघू, असं मनाशी म्हणून मी गियर टाकला.

बल्ब गेला नव्हता. दिवा लावायला उठताना उंबऱ्याला अडखळून ती आतल्या बाजूला पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. सगळ्या पाड्याला हलवणारा तो आवाज छातीतून निघेना. मुलांनी अंधार पाहिलाही असेल. लवकर निजली असेल, असं त्यांना वाटलं. बटण एक असतं तर त्यांच्याही घरी अंधार झाला असता आणि कोणीतरी तणतणत का होईना, आलं असतं. सकाळी तिच्या छपरावर धूर दिसला नाही. धाकटी सून, यमुना, दारात जाऊन खोकली. आतून उत्तरादाखल बारीक खोकला आला.

तिला जव्हारच्या दवाखान्यात नेलं. मी केळी घेऊन भेटायला गेलो. ती वाळून गेली होती, पण डोळे तेच होते. मला पाहून म्हणाली, "आलास? बस. इथल्या मावश्या चांगल्या हायत. लादी पण चांगली पुसतात." मी हसलो. मग ती म्हणाली, "त्या सांजच्याला तुजी फटफट वाजली. वर रस्त्याला थांबली. मी म्हटला, तारवाल्यानं अंधार बगला. आता येतो."

मी म्हणालो, "मी नव्हतो, आय. दुसऱ्या कोणाची असेल."

खिडकीबाहेर कुठंतरी एक जीप माणसं भरण्यासाठी ओरडत होती.

"असंल," ती म्हणाली. "आता सगल्यांकडं फटफट जाली." आणि मीच आणलेल्या केळ्यांतलं एक सोलून तिनं माझ्या हातात दिलं.

ती घरी परत गेली, पण उभी राहिली नाही. पावसाळ्याआधी, राब भाजायच्या दिवसांत ती गेली. मी मातीला गेलो तेव्हा चारी बाजूंच्या उतारांवर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब पेटवलेले होते आणि जिथं पाहावं तिथं धूर होता.

पुढे मी वायरिंगची कामं सोडली. एका आयटीआयमध्ये निदेशक झालो. दरवर्षी नव्या मुलांपुढे चार बल्बांची फळी ठेवतो. सिरीज, मग पॅरलल. घरातले दिवे पॅरललमध्ये का, ते सांगतो. प्रत्येकाला पुरा दाब मिळतो, प्रत्येकाचं बटण स्वतंत्र राहतं, एक बंद पडला तरी बाकीचे चालतात. मुलं वहीत उतरवून घेतात. सगळं खरं आहे, एक शब्दही मागं घ्यावा असा नाही. शेवटचं वाक्य मात्र मी घाईनं म्हणतो. वर्षानुवर्षं मी मनाशी हेही म्हणत आलो, की बटण एक असतं तरी तिची मुलं वीज गेली समजून बसून राहिली असती. मोखाड्यात वीज जाणं नवीन नव्हतं. तेही खरं असेल. पण वीज गेलेली नाही हे त्या दिवशी रस्त्यावरून ज्याला स्पष्ट दिसत होतं, तो एकच माणूस होता.

बऱ्याच वर्षांनी यमुना जव्हारच्या बाजारात भेटली. तिच्या घरातली वायर जळत होती. "तुमीच या, भाऊ. दुसऱ्याचा हात नको," म्हणाली. रविवारी गेलो. ती आणि तिचा नवरा आता म्होरकिणीच्याच घरात राहत होते. त्यांच्या जुन्या घरात थोरल्याचा मुलगा संसार करत होता. दुपारभर वायर बदलली. काम संपल्यावर ती चहा घेऊन आली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. वळणावर थांबलो होतो ते, पिशवीतल्या बल्बाचं, आणि दवाखान्यात खोटं बोललो तेही. सांगताना मी कपाकडे पाहत होतो.

यमुना माझ्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "तिला ठावं होता."

"काय?"

"तुमी होतात ते. तुमची फटफट ती वळखत नव्हती का? तुमी दवाखान्यातून गेलात तशी मना बोलली, तारवाला लाजला. त्याला कोण काय बोलू नका, नायतर यायचा बंद होईल."

मी खरोखरच जायचा बंद झालो होतो. आपणहूनच.

चहा संपेपर्यंत उन्हं उतरली. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. यमुना उंबऱ्यात आली. एक हात नव्या बटणावर ठेवला, दुसरा तोंडाशी नेला, आणि मला वाटलं नव्हतं इतक्या मोठ्या आवाजात ओरडली, "लावते गंऽऽ!" घरोघरी बटणं होती, हाळीची काही गरज नव्हती. थोरल्याच्या घरातून घोगरा 'ओ' आला. त्याच्या मुलाकडून एक तरुण 'ओ' आला. काशीनाथच्या घरातून काही आलं नाही.

यमुनाचा हात बटणावरच थांबला. तिनं पुन्हा हाळी द्यायला श्वास घेतला.

"थांब," मी म्हटलं. "मी बघून येतो."

पिशवी तिथंच ठेवून मी अंगण ओलांडलं. काशीनाथ ठीक होता. आता रंगीत टीव्ही होता आणि त्याचा आवाज मोठा होता, एवढंच. मला दारात पाहून तो दचकला. "काय रे? काय जाला?"

"काही नाही. ओ दे."

"आं?"

"यमुना थांबलीय. ओ दे आधी."

तो उठून दारात आला आणि आईला द्यायचा तसाच, कंटाळलेला 'ओ' दिला. माझ्या मागं खट् झालं.